गुडघ्याखाली दोन इंच : पहाटेच्या एका गोळीचा अभ्यास

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार. पहाटे पावणेपाचच्या सुमारास अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून कोलकात्याचे विमान पकडण्यासाठी निघायच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि डाव्या पायाला गुडघ्याखाली साधारण दोन इंचांवर लागली. अंधेरीतल्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून गोळी काढली, आठ-दहा टाके पडले आणि ४ ऑक्टोबरला ते व्हीलचेअरवरून बाहेर आले. पोलिसांनी जबाब घेतला, रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतले. हत्यार ०.३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आणि जुने होते, त्यात सहा काडतुसे भरलेली होती आणि त्याच्या लॉकचा एक छोटा भाग तुटलेला होता, असे पोलिसांच्या हवाल्याने छापून आले. काही बातम्यांत हत्यार साफ करताना गोळी सुटली असे होते, काहींत कपाटात ठेवताना. चार दिवसांत विषय मागे पडला.

घरात परवान्याचे हत्यार असलेल्या माणसाला ज्या गोष्टी माहीत हव्यात, त्या मात्र या बातम्यांत फारशा आल्या नाहीत. पडलेले हत्यार गोळी कसे झाडते, गुडघ्याखालची ती जागा डॉक्टरांना काळजीत का टाकते, टाके निघाल्यावर पुढचे दोन महिने काय करायचे असते आणि हत्यार परत घरात आणायचे तर काय बदलून आणायचे, हे इथे सविस्तर लिहिले आहे. जखम आणि उपचारांबद्दल पुढे जे लिहिले आहे ते त्या जागी लागलेल्या कोणत्याही गोळीला लागू पडते. ते गोविंदा यांच्या वैयक्तिक उपचारांचे वर्णन नव्हे.

‘मिसफायर’ हा शब्द चुकीचा आहे

त्या दिवशी बहुतेक मथळ्यांत ‘मिसफायर’ होते. शस्त्रांच्या भाषेत मिसफायरचा अर्थ नेमका उलटा आहे: चाप (ट्रिगर) ओढला, घोडा (हत्याराच्या मागचा हातोडीसारखा भाग) आपटला आणि काडतूस उडालेच नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचे असते, कारण ओल लागलेले किंवा जुने काडतूस कधीकधी क्षणभर उशिराने उडते. जुहूत जे घडले ते अनावधानाने गोळी सुटणे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ‘मिसफायर झाले’ म्हटले की दोष यंत्राचा आणि माणूस मोकळा. त्यामुळे तीन प्रश्न कोणी विचारत नाही: त्या क्षणी काडतूस आत का होते, नळीच्या वाटेत पाय का होता, आणि हत्याराची तपासणी शेवटची केव्हा झाली होती? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर वेगळे असते तर त्या पहाटे फक्त फरशीला टवका पडला असता.

पडलेले रिव्हॉल्व्हर गोळी कसे झाडते

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहसा सहा घरे असतात. त्यातले वरचे घर नळीच्या रेषेत येते आणि त्याच्या मागे घोडा असतो. घोड्याच्या तोंडाशी किंवा फ्रेममध्ये टोकदार पिन असते. ती काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर आदळली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. जुन्या बनावटीत घोडा खाली असताना ती पिन प्रायमरला जवळजवळ टेकलेली असते. मधे अडसर नसेल, किंवा असलेला अडसर झिजलेला वा तुटलेला असेल, तर घोड्याच्या मागच्या टोकावर बसलेला धक्का सरळ प्रायमरपर्यंत पोचतो. कमरेच्या उंचीवरून सातशे-आठशे ग्रॅमचे लोखंड फरशीवर पडले तर तेवढा धक्का पुरतो.

आता दिशा बघा. हत्यार घोड्यावर आपटले म्हणजे मागची बाजू खाली आणि नळीचे तोंड वर. पाडणारा माणूस समोरच उभा असतो, म्हणून गोळी खालून वर येते आणि बहुतेक वेळा पोटरीत, गुडघ्यात किंवा मांडीत शिरते. ‘फरशीवर पडलेल्या हत्याराची गोळी पायात कशी लागेल’ ही शंका अशा प्रकरणांत हमखास निघते. तिचे उत्तर या दिशेत आहे.

ही खोड दीडशे वर्षांपूर्वीही माहीत होती. जानेवारी १८७६ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा गावी व्याट अर्प हा पोलीस अधिकारी खुर्चीत मागे रेलला, त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून घोड्यावर पडले आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. तेव्हापासून जाणती माणसे सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरत आली आहेत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जहाजाच्या डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागून एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीने घोडा आणि फ्रेम यांच्यामध्ये आपोआप येणारी पोलादी पट्टी नव्याने आखून बसवली. रुगर कंपनीने १९७३ पासून ‘ट्रान्सफर बार’ आणली. त्यात चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा धक्का पिनपर्यंत पोचूच शकत नाही.

आपल्याकडे ९ मिमी, ०.३८, ०.३०३ यांसारखे बोअर सर्वसामान्य परवान्याला निषिद्ध आहेत, म्हणून घरगुती हत्यार बहुधा ०.३२ चेच असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेले आहे आणि कित्येक घरांत ते वीस-तीस वर्षे कपाटात पडून असते. कोणी ते चालवत नाही, म्हणून कोणी ते तपासतही नाही. आमच्या मते आपल्याकडच्या घरगुती हत्यारांचा मोठा धोका इथेच आहे.

याला दुसरी बाजू आहे, आणि तीही एका प्रसिद्ध प्रकरणात दिसली. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबात प्लॅक्सिको बरेस या अमेरिकन फुटबॉलपटूने ग्लॉक पिस्तूल ट्रॅक पँटच्या कमरेला खोचले होते. ते घसरून पायाकडे जायला लागले, त्याने चटकन पकडायला हात घातला आणि बोट चापावर दाबले गेले. गोळी उजव्या मांडीत. विनापरवाना हत्यार बाळगल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षाही झाली. ग्लॉकच्या आत पडण्यापासून बचाव करणारे अडसर आहेत. ते पिस्तूल पडू दिले असते तर गोळी सुटली नसती. ते उडाले ते पकडल्यामुळे.

म्हणून प्रशिक्षणात शिकवतात: हातातून हत्यार निसटले तर पकडू नका, हात वर घ्या, पाय बाजूला घ्या, पडू द्या. हे बोलायला सोपे आहे, पण पडती वस्तू झेलणे ही हाताची उपजत सवय आहे. ती मोडायला रिकाम्या हत्याराने, गादीवर, मुद्दाम पाडून सराव करावा लागतो. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र पडू देणेही धोक्याचे आणि पकडणेही धोक्याचे. त्यात खरा बचाव एकच आहे: घोड्याखाली काडतूस नसणे.

पहिली दहा मिनिटे

पायाला गोळी लागलेल्याचा जीव जातो तो मुख्यतः रक्त वाहून. म्हणून गोळी कुठे आहे याचा विचार घरच्यांनी करायचाच नाही. १०८ किंवा ११२ ला फोन एकाने लावायचा आणि दुसऱ्याने जखम दाबून धरायची. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. दहा मिनिटे घड्याळ लावून, मधे उचलून न बघता. कापड भिजले तर वरून दुसरे ठेवा, पहिले काढू नका.

रक्त उसळ्या मारत येत असेल किंवा दाबूनही थांबत नसेल तर वरून आवळपट्टी बांधायची. गुडघ्याखालच्या जखमेला ती गुडघ्याच्या वर, मांडीवर बांधतात. सांध्यावर कधीच नाही. जखमेपासून साधारण दोन-तीन इंच वर हा नियम खरा, पण मधे गुडघा आला तर त्याच्या वर. सुतळी किंवा दोरी वापरू नका, ती मांसात रुतते. ओढणीची किंवा धोतराची निदान दीड-दोन इंच रुंद, दुहेरी पट्टी घ्या, एक गाठ मारा, गाठीवर स्टीलच्या डावाचा दांडा ठेवा, वर दुसरी गाठ मारा आणि रक्त थांबेपर्यंत दांडा पिळा. मग दांडा बांधून पक्का करा. पेन किंवा पेन्सिल घेऊ नका, मोडते. पट्टी बसली की भयंकर दुखते. ते दुखणे म्हणजे ती चुकली असे नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहा आणि रुग्णालयात पोचेपर्यंत ढिली करू नका. दोन तासांपर्यंत पाय सहसा सुरक्षित राहतो.

चिमट्याने गोळी शोधणे, जखमेत हळद, पावडर किंवा स्पिरिट भरणे, चहा-पाणी पाजणे, यातले काहीही करू नका. काही वेळात भूल द्यावी लागणार आहे, पोट रिकामे हवे. बुटाची लेस, घट्ट मोजा, पैंजण, अंगठ्या काढून घ्या, पाय सुजणार आहे. आणि हत्यार? ज्याला हाताळता येत नाही त्याने हात लावू नये. खोलीतल्या सगळ्यांना नळीच्या समोरून बाजूला करा, मुलांना बाहेर काढा आणि ते तिथेच राहू द्या. त्यात अजून काडतुसे आहेत असेच धरून चाला.

रुग्णालयात काय बघतात

आल्या आल्या श्वास, नाडी, रक्तदाब. मग कपडे कापून सगळे अंग उलटेपालटे करून भोके मोजतात. याचा साधा हिशेब आहे: भोकांची संख्या अधिक क्ष-किरणात दिसलेल्या गोळ्या, ही बेरीज सम आली पाहिजे. एक भोक आणि एक गोळी, ठीक. एक भोक आणि गोळी दिसत नाही, म्हणजे ती दुसरीकडे कुठे गेली आहे, वर मांडीतही असेल. फोटो काढताना भोकांवर धातूची क्लिप चिकटवतात, म्हणजे गोळीचा मार्ग दिसतो.

०.३२ ची शिशाची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची असते आणि सेकंदाला दोनशे ते सव्वादोनशे मीटरने येते. सैन्याच्या इन्सास रायफलची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास. वेगाच्या वर्गावर ऊर्जा अवलंबून असते, म्हणून पिस्तुलाच्या गोळीचे नुकसान बरेचसे तिच्या स्वतःच्या वाटेपुरते राहते. त्या वाटेत काय आले, यावर पुढचे सगळे ठरते.

आणि गुडघ्याखाली दोन इंचांवर पुष्कळ काही आहे. पाठीमागे पोटरीची मुख्य रक्तवाहिनी इथेच शाखांमध्ये वाटली जाते. ती तुटली आणि सहा तासांत रक्त सुरू झाले नाही तर पाय गमावण्याची वेळ येते. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या अगदी खाली बोटाने चाचपले तर फिब्युला हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नस (मज्जातंतू) जाते, कातडीच्या इतकी जवळ की मांडी घालून बराच वेळ बसले तर पाय बधिर होतो तो तिच्यावरच्या दाबाने. समोर टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) जाड वरचा भाग आहे आणि त्याच्यावर गुडघ्याचा सांधा.

म्हणून डॉक्टर पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी दोन्ही पायांत ताडून बघतात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या नऊ दशांशापेक्षा कमी आला तर रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. मग ‘अंगठा वर उचला’ सांगतात आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात टोचून संवेदना विचारतात. अंगठा उचलत नसेल, बेचका बधिर असेल, तर पेरोनियल नसेला इजा आहे.

सगळ्यात फसवा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. पोटरीचे स्नायू चार ताठ आवरणांत बंद असतात. आत रक्त आणि सूज साचली की दाब वाढतो आणि स्नायू गुदमरतात. वरून जखम छोटी, नाडीसुद्धा लागते, पण दुखणे जखमेच्या मानाने फारच जास्त, औषधाला दाद न देणारे, आणि कोणी पायाची बोटे हळूच वाकवली तरी माणूस कळवळतो. ही लक्षणे रुग्णाने आणि सोबतच्याने नर्सला ताबडतोब सांगायची आहेत, रात्री तीन वाजताही. आवरणे वेळेत चिरून मोकळी केली तर पाय वाचतो.

धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक लगेच देतात. गोळी गरम असते म्हणून जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. ती कपड्याचे धागे आणि कातडीवरची घाण आत ओढून नेते.

आता गोळी काढण्याबद्दल. ‘गोळी काढली’ ऐकले की नातेवाइकांना हायसे वाटते, पण शल्यचिकित्सकांच्या लेखी गोळी स्वतः बहुधा दुय्यम असते. ती सांध्यात असेल, नसेवर किंवा रक्तवाहिनीवर टेकली असेल, कातडीखाली टोचत असेल, तर काढतात. सांध्यातली तर काढावीच लागते, कारण सांध्यातल्या द्रवात शिसे विरघळते, कूर्चा झिजते आणि शिसे रक्तातही जाते. खोल स्नायूत निवांत बसलेली गोळी शोधायला मांस उकरले तर नुकसानच जास्त होते, म्हणून ती तशीच सोडतात. तुमच्याही पायात गोळी ‘ठेवली’ असेल तर डॉक्टरांनी हयगय केली असे समजू नका. क्ष-किरणाची प्रत मात्र जन्मभर जपा आणि एमआरआय करण्याआधी दाखवा.

काढलेली गोळी हा पुरावा असतो. ती रबर लावलेल्या चिमट्याने किंवा बोटांनी उचलतात, नाहीतर नळीच्या आट्यांनी गोळीवर उमटवलेल्या खुणांवर ओरखडे पडतात. मग सीलबंद करून पोलिसांकडे. गोळीची जखम म्हटली की रुग्णालय पोलिसांना कळवतेच. त्यात लपवण्यासारखे काही नाही. काय घडले ते पहिल्या जबाबातच सरळ सांगावे. डॉक्टर एकांतात मनःस्थितीबद्दल विचारतील. स्वतःच्या हत्याराची गोळी लागलेल्या प्रत्येकाला ते विचारलेच पाहिजे. त्याचा राग मानू नये.

घरी आल्यावर

हाड शाबूत असेल तर वॉकर किंवा कुबड्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभे करतात. टिबियाला भोक किंवा तडा असेल तर सहा ते बारा आठवडे त्या पायावर भार नाही. हा निर्णय सर्जनचा. शेजाऱ्याचा पाय कधी टेकला त्यावरून ठरवू नका.

आमच्याकडच्या घरांतली पहिली अडचण संडासाची असते. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे दोन्ही बंद, म्हणून रुग्ण घरी यायच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा. पलंगाची उंची गुडघ्याएवढी हवी. वाटेतल्या सतरंज्या आणि पायपुसणी उचला, न्हाणीघरात रबरी चटई टाका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कुबड्या नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. पुढे काठीवर आलात की ती दुखऱ्या बाजूला नाही, उलट्या हातात धरायची. डावा पाय दुखरा तर काठी उजव्या हातात. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते आणि घरोघरी लोक काठी चुकीच्या हाताला देतात.

व्यायाम पहिल्या दिवसापासून, झोपल्या जागी. दर तासाला दहा वेळा पाऊल वर-खाली. त्याने पोटरीतले रक्त हलते राहते आणि गुठळी व्हायचा धोका कमी होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी होकार दिला की गुडघा सरळ ठेवून पाय वीतभर उचलणे, मग पलंगाच्या कडेला बसून गुडघा हळूहळू वाकवणे. गुडघ्याखाली उशी ठेवून तासन्‌तास झोपू नका. बरे वाटते, पण गुडघा वाकलेला राहतो आणि नंतर सरळ होता होत नाही. उंच करायचा तर सगळा पाय टाचेपासून उचलून ठेवा.

पायावरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी. गोळी शिरल्याचे भोक कधी मुद्दाम उघडे ठेवतात, आतून भरून यावे म्हणून. त्यातून थोडे फिकट पाणी येणे ठीक आहे. घट्ट, दुर्गंधी पू, पसरत जाणारी लाली, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत दुखले, तर गुठळीची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठा.

नसेला इजा असेल तर धीर लागतो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला इंचभर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर मोजले की महिने किती लागतील ते कळते. तोवर पाऊल लोंबकळते आणि चालताना बोटे अडकतात, म्हणून बुटात बसणारा प्लास्टिकचा आधार वापरायचा. तो वापरला नाही तर टाचेची शीर आखडते आणि नस सुधारल्यावरही पाऊल वर येत नाही. चादर लागली तरी आग होणे, करंट बसल्यासारखे वाटणे हे नसेचे दुखणे आहे. त्याला नेहमीच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, औषधे वेगळी असतात. डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

दोन गोष्टी जवळजवळ सगळेच विसरतात. पहिली कान. बंद खोलीत रिव्हॉल्व्हरचा बार १५० डेसिबलच्या वर जातो. पायाच्या गडबडीत कानात वाजणारी शिट्टी कोणी सांगत नाही. पहिल्या दिवसांतच कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, उशीर झाला तर उपचारांचा उपयोग कमी होतो. दुसरी गोष्ट मन. २०२४ ची दिवाळी या घटनेनंतर बरोबर महिन्याने आली. ज्याने खोलीत बार ऐकला आहे त्याला सुतळी बॉम्बचा आवाज तोच बार वाटतो. हे घरातल्या प्रत्येकाला लागू आहे, गोळी लागलेल्याला सोडा, शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलालाही. दचकणे, तेच स्वप्न, त्या खोलीत पाऊल न टाकणे, ‘माझ्याच हाताने’ ही लाज, हे महिन्याच्या पुढे टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

साडेसहा आठवड्यांनी, १६ नोव्हेंबरला, गोविंदा विधानसभेच्या प्रचारासाठी जळगाव जिल्ह्यात होते आणि पाचोऱ्याचा रोड शो प्रकृती बरी नसल्याने अर्धवट सोडून मुंबईला परतले. त्यामागे पाय होता असे आम्ही म्हणत नाही. पण सहा आठवडे हे कातडीचे वेळापत्रक आहे. स्नायूंची ताकद, तोल, दिवसभर उभे राहण्याची उमेद यायला तीन-चार महिने लागतात, आणि ‘टाके निघाले, आता झाले’ म्हणून कामाला जुंपून घेणारे बरेचजण दुसऱ्याच आठवड्यात सुजलेला पाय घेऊन परत येतात.

हत्यार परत घरात येताना

पोलिसांकडून रिव्हॉल्व्हर सुटले तरी ते सरळ कपाटात जाऊ नये. आधी हे ठरवा की ते हवे आहे का. नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येते. त्यात कमीपणा नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरण हा विचाराचा चांगला टप्पा आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ज्यांचे परवाने त्याआधीचे आहेत त्यांनी आपणहून हे प्रशिक्षण घ्यावे.

ठेवायचे असेल तर रिकामे करण्याची कृती हाताला अशी बसली पाहिजे की झोपेतून उठवले तरी चुकू नये. पहाटे, विमानाच्या घाईत, फोन कानाला लावून ती करायची नाही. एक कोपरा ठरवा. तिथे वाळूने काठोकाठ भरलेली लोखंडी बादली ठेवा, कारण फ्लॅटची चार इंची विटांची भिंत ही सुरक्षित दिशा नव्हे, पलीकडे शेजारी झोपलेला असतो. नळी बादलीकडे, बोट चापाच्या कडीबाहेर, फ्रेमवर सरळ. मग खटका दाबून सिलिंडर उघडा. वेब्लीच्या घडणीत नळीच पुढे झुकते आणि काडतुसे आपोआप वर उचलली जातात, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची दांडी तळहाताने दाबावी लागते. इथे चूक होते ती अशी: दांडी अर्धवट दाबली जाते आणि एक काडतूस घरात राहते, किंवा त्याची कड उचलणाऱ्या चकतीखाली अडकते. म्हणून काडतुसे ताटलीत काढून मोठ्याने मोजा. सहा भरली होती तर सहा. मग प्रत्येक घरात उजेड बघा आणि करंगळीचे टोक घालून बघा. डोळा फसतो, करंगळी फसत नाही. दोनदा.

उघड्या सिलिंडरमधून केबलचे कुलूप ओवा म्हणजे ते बंदच होत नाही. हत्यार भिंतीला बोल्ट मारलेल्या तिजोरीत, काडतुसे दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगवेगळ्या. चापावर बसणारे कुलूप भरलेल्या हत्याराला लावू नये. लावतानाच चाप दाबला जाण्याची भीती असते. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री सगळे आवरा. घरात मूल असेल तर ‘त्याला कपाटाची उंची पुरत नाही’ यावर विसंबू नका.

स्वसंरक्षणासाठी भरलेलेच ठेवायचे असा कोणाचा आग्रह असेल, आणि बनावट जुनी असेल, तर पाचच काडतुसे भरा. रिकामे घर नळीच्या रेषेत, घोड्याखाली आणून सिलिंडर बंद करायचे. चाप ओढताच सिलिंडर फिरून भरलेले घर समोर येते, त्यामुळे काही बिघडत नाही. घोडा मागे ओढून ठेवलेले रिव्हॉल्व्हर कधी हातात घेऊन चालू नका. एरवी चापाला साडेचार-पाच किलोंचा जोर लागतो, घोडा चढवला की दीड-दोन किलोंत काम होते.

आणि तपासणी. दुरुस्ती फक्त परवानाधारक कारागिराकडे, घरच्या घरी कानस लावायची नाही. त्याच्यासमोर बसून ही परीक्षा करून घ्या. हत्यार रिकामे, दोघांनी बघितलेले. घोडा खाली, चाप मोकळा. घोड्याला अंगठ्याने पुढे जोर द्या आणि सिलिंडरमागच्या फटीतून पिनचे टोक बाहेर येते का बघा. आले तर अडसर निकामी आहे. मग साधी गोल पेन्सिल, रबराची बाजू आत करून, नळीतून पार मागपर्यंत सोडा. ०.३२ च्या नळीत ती सैल बसते. नळी छताकडे धरून घोड्याच्या पाठीवर रबरी हातोडीने हलकेच ठोका. पेन्सिल जागची हलली नाही तर ठीक. ती टुणकन उडाली तर त्या रिव्हॉल्व्हरमध्ये, भाग बदलून हीच परीक्षा पुन्हा होईपर्यंत, एकही काडतूस घालू नका.